दहा मीटर एअर रायफलचा ट्रिगर मॅचसाठी कसा लावावा

शॉट सोडायला उशीर होतोय, अशी तक्रार रेंजवर कुणी केली की शेजारच्या लेनवरून सल्ला येतोच, ‘ट्रिगर हलका करून टाक.’ हाच सल्ला ऐकून मी एक अख्खा सीझन वाया घालवलाय. हलका ट्रिगर शॉट लवकर सोडतो खरा, पण बऱ्याचदा तुमच्या आधीच सोडतो.

मॅचमध्ये 60 शॉट्सना 75 मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये सुटा शॉट 50 सेकंदांत सोडायचा होता. रायफल उचलणं, श्वास सोडणं, स्थिरावणं यात त्यातला बराच वेळ जातो. होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणं, खरोखर चांगला असतो तो पाच-सात सेकंद. तेवढ्यात शॉट निघाला नाही की रायफल खाली घ्यावी लागते, पुन्हा उचलावी लागते, आणि वेळ जातो तो इथे. बोटाला ‘आता फक्त एवढंच दाबायचंय’ हे नेमकं कळलं की रायफल खाली घेण्याची वेळ कमी येते. ट्रिगर लावायचा तो एवढ्यासाठी.

पेलेट (छर्रा) बाहेर, नळी रिकामी असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग आत, नळी टार्गेटकडे, हे सांगायला नको. तुमच्या रायफलचं मॅन्युअल समोर ठेवा, कारण कुठला स्क्रू कशाचा आणि कुठल्या बाजूला फिरवायचा हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. हात लावण्याआधी सगळ्या स्क्रूंचा फोटो काढा. आणखी एक, आतल्या भागांना कानस किंवा पॉलिश लावायला जाऊ नका. पूर्ण युनिट बदलायचं असेल तर ते आर्मररच्या (रायफल दुरुस्त करणाऱ्याच्या) टेबलावर होऊ द्या. आपलं काम बाहेरच्या स्क्रूंपुरतं.

आधी पातं, म्हणजे ट्रिगरचा बोट टेकतं तो भाग. ते पुढे-मागे सरकवून असं लावा की बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग त्यावर टेकेल आणि बोट रायफलच्या लाकडाला कुठेही घासणार नाही. नवीन चपटं किंवा गोळीवजा पातं विकत घ्यायची घाई नको. आहे ते नीट लावल्यावर निम्म्या लोकांना त्याची गरज उरत नाही, असं माझं मत.

मग वजन, म्हणजे चाप सुटायला लागणारा दाब. त्यासाठी महागडा गेज लागत नाही. मी एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत साबुदाणा भरते, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजते आणि वर तारेचा आकडा अडकवते. रायफल ड्राय फायरवर (पेलेटशिवाय नुसता चाप दाबायच्या सोयीवर) कॉक करायची, नळी सरळ वर धरायची, आकडा पात्याच्या मध्यावर लावायचा आणि रायफल सावकाश उचलायची. साबुदाणा चमच्याचमच्याने वाढवत गेलं की चाप कुठे सुटतो ते कळतं. माझा एकूण 95 ग्रॅमवर सुटतो. एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादा नाही. एअर पिस्तूलला आहे, 500 ग्रॅम. त्यामुळे पिस्तूलवाल्या मित्राने हे आकडे उतरवून घेऊ नयेत.

आता खरा त्रास, फर्स्ट स्टेज संपून सेकंड स्टेज सुरू होते ती जागा. आम्ही तिला भिंत म्हणतो. बोट मऊपणे मागे येतं, ही फर्स्ट स्टेज. मग कुठेतरी अडतं, आणि त्या अडण्यावर किंचित दाब वाढवला, ही सेकंड स्टेज, की शॉट जातो. हे अडणं नेमकं असलं की ट्रिगर चांगला, एवढी साधी गोष्ट. ती साधायला मला दोन वर्षं लागली.

झालं होतं असं. एका राज्यस्तरीय मॅचच्या चार दिवस आधी मला ट्रिगर आणखी ‘चपळ’ हवा होता. सेकंड स्टेजचा स्क्रू मी फिरवत गेले, भिंत पातळ होत गेली, आणि घरी शांतपणे बसून दाबताना मला ती जाणवतही होती. मॅचमध्ये छातीत धडधड सुरू झाल्यावर ती जाणवेनाशी झाली. तिसऱ्या सिरीजमध्ये (सिरीज म्हणजे दहा शॉट्स) बोट फर्स्ट स्टेज घेत होतं, रायफल अजून टार्गेटच्या काळ्या वर्तुळावर स्थिरावलीही नव्हती, आणि शॉट गेला. स्क्रीनवर 6.8. ज्याच्या दहाच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, त्या खेळात 6.8 म्हणजे घरी जायचं तिकीट. चुकून सुटलेला शॉटही मोजला जातो, ज्युरीकडे बघून उपयोग नसतो. सरांनी नंतर ट्रिगर एकदाच दाबून पाहिला आणि एवढंच विचारलं, “भिंत कुठाय?”

तेव्हापासून मी उलट्या वाटेने जाते. स्क्रू आधी मुद्दाम इतका फिरवायचा की भिंत नाहीशी होईल आणि एकाच सलग ओढीत चाप सुटेल. ही चुकीची जागा. तिथून उलट दिशेने एक अष्टमांश फेरा. डोळे मिटून दहा वेळा ड्राय फायर. पुन्हा एक अष्टमांश, पुन्हा दहा वेळा. एका टप्प्याला भिंत पहिल्यांदा बोटाला लागते. बहुतेक लोक इथे थांबतात, मीही थांबले होते, आणि हीच ती फसवी जागा. इथून आणखी एक-दोन अष्टमांश पुढे जा. मात्र अति गेलात तर भिंत लागल्यावरही चाप रांगत मागे येतो, सुटतच नाही, आणि तुम्ही वाट बघत बसता. ते रांगणं जाणवलं की अर्ध पाऊल मागे.

दोन स्क्रू एकदम फिरवू नका. फर्स्ट स्टेजचं वजन बदललं की भिंतीची जाणीव बदलते, आणि मग बिघडलं कशाने हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. माझ्या 95 ग्रॅमपैकी साधारण 65 फर्स्ट स्टेजमध्येच जातात, भिंतीला 30 उरतात. भिंतीला 10-15 ग्रॅमच ठेवणारे नेमबाज आहेत, त्यांना माझा दंडवत. तुम्ही ते करू नका.

बसून केलेल्या सेटिंगवर विश्वासही ठेवू नका. दोरीवरच्या पन्नास उड्या मारा, लगेच जॅकेट चढवून पोझिशनला उभे राहा आणि तेव्हा भिंत लागते का बघा. थंडीचंही तेच. आपल्याकडे बालेवाडीत किंवा कोल्हापूरच्या दुधाळी रेंजवर बोटं सहसा गारठत नाहीत, पण डिसेंबरात दिल्लीला तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर उभं राहिलात तर कळेल. बधिर बोटाला पातळ भिंत लागत नाही. मी घरी दोन मिनिटं बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून तपासते. आई हसते, हसू दे.

ट्रिगर स्टॉप, म्हणजे शॉट सुटल्यावर चापाला अडवणारा स्क्रू, हा सोपा भाग. चाप सुटेनासा होईपर्यंत स्क्रू आत, मग अर्धा फेरा बाहेर. अगदी चिकटून ठेवलात तर थोडी धूळ गेली तरी ऐन वेळी चाप अडतो.

यानंतरची तपासणी मात्र टाळायची नाही. पेलेट न भरता रायफल ड्राय फायरवर कॉक करा, नळी टार्गेटकडे ठेवा आणि तळव्याने बटवर चार-पाच दणके द्या. चाप आपोआप सुटला तर सेटिंग धोकादायक आहे, कितीही छान वाटत असलं तरी. सगळे स्क्रू मूळ फोटोप्रमाणे परत आणा आणि नव्याने सुरुवात करा. दुसऱ्यांदाही सुटला तर रायफल आर्मररकडे.

जमलं की स्क्रूवर आणि शेजारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू प्रवासात हलला तर रेघ तुटलेली दिसते. मग तीन दिवस फक्त ड्राय फायर, रोज शंभरेक. पेलेट चौथ्या दिवशी. आणि मॅचच्या आठ दिवस आधी एलन की (स्क्रू फिरवायची किल्ली) बॅगेतून काढून आईच्या ताब्यात द्या. माझी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असते.