बाथरूमचा राडारोडा आणि जंबो बॅग

बाथरूमच्या जुन्या टाइल्स आणि मागचा गिलावा काढला, तेव्हा राडारोड्याचा ढीग दारापर्यंत आला. आधी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून पाहिलं. टाइलच्या धारदार कडेनं दोन गोण्या जिन्यातच टरकन फाटल्या, सगळ्या पायऱ्या पुन्हा झाडाव्या लागल्या. मग जंबो बॅग आणली, म्हणजे विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची (एक मजबूत प्लास्टिक) मोठी पिशवी, जी वरच्या चार पट्ट्यांना धरून क्रेननं उचलतात.

खरी गोम वजनात आहे. किती भार चालेल ते बॅगेवरच छापलेलं असतं. माझ्या बॅगेवर 1000 किलो होतं आणि आकार जवळपास एक घनमीटर. विटा-गिलाव्याचा मोकळा राडारोडा घनमीटरला 1200 किलोच्या पुढे सहज जातो. म्हणजे काठोकाठ भरली की मर्यादा ओलांडलीच. मी पाऊण भरून थांबलो, उरलेल्यासाठी दुसरी बॅग घेतली.

जागा मात्र आधी ठरवा. भरलेली बॅग तसूभरही सरकत नाही. क्रेनचा हात पोहोचेल आणि वर तारा, फांद्या नसतील अशीच जागा हवी. तळाशी जाड पुठ्ठा अंथरला, टाइल्स आडव्या रचल्या, फटींत चुरा ओतला. चुऱ्यावर आधी पाणी शिंपडलं, कारण ती बारीक धूळ फुफ्फुसांना फार वाईट. मास्क तर लावाच. रंगाचे डबे आणि ट्यूबलाइट यात टाकू नका, ते वेगळे द्यायचे.

बॅग उचलून नेणारी क्रेनची गाडी यायला दोन दिवस लागणार होते, म्हणून वर ताडपत्री बांधली. भिजलेला गिलावा आणखी जड होतो.