डार्क नेब्युलाचा फोटो नुसता काळपट येतोय? या चुका टाळा

साप नेब्युला म्हणजे बी 72 (बी म्हणजे खगोलशास्त्रज्ञ बर्नार्डच्या यादीतला नंबर) काढायला गेलात आणि स्क्रीनवर राखाडी गाळ आला, तर कॅमेरा बदलायच्या आधी हे बघा. डार्क नेब्युला म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग, त्यातली धूळ मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवते म्हणून तो दिसतो, म्हणजे फोटो खरं तर मागच्या ताऱ्यांचा काढायचा असतो.

म्हणूनच ड्युअल बँड फिल्टर लावू नका. तो हायड्रोजन-ऑक्सिजनचा उजेड ठेवून बाकीचा कापतो आणि ताऱ्यांचा उजेड त्या बाकीच्यातच येतो. घोड्याचं डोकं, बी 33, हा अपवाद, कारण त्याच्या मागे हायड्रोजनच चमकतोय. बाकीच्यांना इलाज एकच, अंधार.

आता सोलापुरातून अंधार शोधताना लोकं तुळजापूर रोडला, म्हणजे उत्तरेला पळतात, पण बी 72 ज्या तारकासमूहात आहे तो भुजंगधारी दक्षिणेला असतो, मग शहराचा सगळा झगमगाट बरोब्बर त्याच्याच खाली येतो. त्यापेक्षा दक्षिणेला विजापूर रोडने मंद्रूपच्या पुढं जा, शहर पाठीमागं राहील. बी 72 आपल्याकडून 48 अंशांपर्यंत वर येतो, मे च्या सुरुवातीला पहाटे तीनच्या आसपास, आणि जूनमध्ये ढग आले की खेळ खल्लास.

खरी वाट लागते ती प्रोसेसिंगमध्ये. ग्रेडियंट, म्हणजे आकाशाचा एका बाजूला जास्त असणारा उजेड, काढायच्या टूलला ऑटोवर सोडलं की ते धुळीवरच सॅम्पल (बॅकग्राउंड मोजायचे ठिपके) टाकतं, तिलाच बॅकग्राउंड समजतं आणि उचलून सपाट करतं, म्हणून सॅम्पल हातानं टाका, थोडेच टाका, आणि फक्त जिथे ताऱ्यांची गर्दी आहे तिथे. मग काळं अजून काळं दिसावं म्हणून ब्लॅक पॉइंट (ज्याच्या खालचं सगळं पूर्ण काळं होतं ती पातळी) ओढायचा मोह होतो, तो आवरा, हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा डोंगर डाव्या भिंतीला टेकला की धुळीचे थर गेलेच समजा. आणि स्टार रिडक्शन, म्हणजे तारे बारीक करणं! अहो, तारेच पुसले तर धूळ कशासमोर दिसणार?

फ्रेम मोठी ठेवा. बर्नार्डने 1919 ला 182 काळ्या जागांची यादी छापली, त्याचा ब्रूस टेलिस्कोपही वाइड फील्डवालाच होता. पाइप नेब्युला हा दुसरा डार्क नेब्युला तर आकाशात कितीतरी अंश पसरलाय, 85 किंवा 135 एमएमची लेन्स आणि ट्रॅकर (ताऱ्यांसोबत कॅमेरा फिरवणारं यंत्र) मस्त चालतो.

राहिला उन्हाळा. सेन्सरचा डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही उष्णतेने येणारा सिग्नल, तापमान वाढलं की साधारण दर 6 अंश सेल्सिअसला दुप्पट होतो, त्यामुळे तो वजा करायला घरी एसीत काढलेले डार्क फ्रेम (झाकण लावून काढलेले फोटो) मंद्रूपच्या रात्रीला जुळत नाहीत. तिथंच, शूट संपलं की लगेच, लेन्सवर झाकण लावून काढा.