छोट्या ऑफिसचा मेल सर्व्हर बदलताना

18 मेलबॉक्सचं ऑफिस नव्या मेल सर्व्हरवर न्यायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती जुने मेल कॉपी करण्याची. प्रत्यक्षात तोच भाग सरळ निघाला. आयमॅपसिंक हे मेल कॉपी करणारं सॉफ्टवेअर दोन्ही सर्व्हरला आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीने, जोडलं जातं, फोल्डरसकट मेल उचलतं आणि पुन्हा चालवलं तर फक्त नवे मेल नेतं. म्हणून पहिली मोठी कॉपी आठवडाभर आधीच करून ठेवा. कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर मात्र आयमॅपने येत नाहीत, ते वेगळे काढावे लागतात.

घोळ होतो तो सर्व्हरच्या बाहेर. हिशेब बघणाऱ्या मॅडमचा मेलबॉक्स सर्व्हरवर जवळजवळ रिकामा दिसला, म्हणून मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो. आउटलुकमध्ये खातं पॉप3ने, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या पद्धतीने, जोडलेलं होतं. मेल उतरला की सर्व्हरवरून पुसला जायचा आणि सहा वर्षांचा पत्रव्यवहार त्या एकाच कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर एका पीएसटी फाइलमध्ये साठलेला. बॅकअप नाही. मी दूर बसून काम उरकलं असतं तर ते मेल नव्या खात्यात कधीच आले नसते. तेव्हा सुरुवात प्रत्येकाच्या टेबलापासून करा. खातं पॉप आहे की आयमॅप ते बघा, फोनवर काय जोडलंय ते विचारा आणि सगळं वहीत उतरवा.

त्याच वहीत मेल पाठवणारी यंत्रंही लिहा. आमचा स्कॅनर जुन्या सर्व्हरमार्फत मेल पाठवायचा हे मला बदलानंतर दुसऱ्या दिवशी कळलं, स्कॅन येईनात तेव्हा. बिलिंगचं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म, सगळ्यांत नवा सर्व्हर, पोर्ट 587 आणि नवा पासवर्ड घालावा लागतो.

आता डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नोंदी. डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवर जायचे ते एमएक्स रेकॉर्ड सांगतो. त्याचा टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची तो काळ, बऱ्याचदा 86400 सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असतो. तो बदलाच्या किमान दोन दिवस आधी 300 वर आणा. ऐन वेळी कमी करून उपयोग नाही, कारण जुनी किंमत लोकांच्या कॅशमध्ये आधीच बसलेली असते. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी ओळ. तिच्या बाबतीत एक चूक फार जण करतात: जुनी ओळ ठेवून नव्या सर्व्हरसाठी दुसरी जोडतात. एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच हवा. दोन असले की तपासणी चुकीची ठरते आणि चांगले मेल स्पॅममध्ये पडू लागतात. दोन्ही सर्व्हर एकाच ओळीत लिहा. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, किल्ली नव्या सर्व्हरची घाला आणि डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम, सुरुवातीला नुसत्या निरीक्षणावर, म्हणजे पी=नन ठेवा.

बदल शुक्रवारी संध्याकाळी केला तर शनिवार-रविवार हाताशी राहतात. एमएक्स बदलल्यावर बाहेरच्या खात्यावरून मेल पाठवून बघा, उत्तर द्या आणि आलेल्या उत्तराचे हेडर, म्हणजे मेलसोबतची तांत्रिक माहिती, उघडून एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे पास आहे का ते वाचा. सोमवारी सकाळी लोक येण्याआधी आयमॅपसिंक शेवटचं चालवा.

जुना सर्व्हर लगेच बंद करायची घाई कोणीतरी करतंच, कारण दोन्हीकडचं भाडं चालू असतं. मी महिनाभर हटून बसलो. रोज सकाळी त्याचा लॉग, म्हणजे आल्या-गेल्या मेलची नोंद, बघायचो. सलग दहा दिवस तिथे एकही कामाचा मेल आला नाही, तेव्हा शेवटचा बॅकअप घेतला आणि मगच तो बंद करायला होकार दिला.