सैन्य अधिकाऱ्याच्या बढतीची तारीख नोंदीत चुकली असेल तर

अर्ज लिहायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करा: नेमकी कोणती तारीख चुकली आहे? एकाच बढतीच्या किमान चार तारखा असतात. सेवेची वर्षे पुरी होऊन अधिकारी बढतीला पात्र ठरला ती एक. त्या हुद्द्याची ज्येष्ठता जिथून मोजली जाते ती दुसरी. प्रत्यक्ष हुद्दा लावून पदभार घेतला ती तिसरी आणि राजपत्रात छापून आले ती चौथी. निवडीने मिळणाऱ्या हुद्द्यांत, म्हणजे कर्नल आणि त्यावर, ज्येष्ठतेची आणि पदभाराची तारीख वेगवेगळी असणे मुळीच वावगे नाही. पगार पदभारापासून वाढतो, ज्येष्ठता मागची मिळू शकते. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या म्हणून त्यातली एक चुकीचीच, असे धरून केलेले अर्ज बहुतेक परत येतात.

कालबद्ध बढतीचा हिशेब मात्र घरी बसून करता येतो. १६ डिसेंबर २००४ पासूनच्या व्यवस्थेत भूदलातला अधिकारी गणनेस पात्र अशा कमिशन्ड (अधिकारी म्हणून झालेल्या) सेवेच्या २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर आणि १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल होतो. निवड न झालेल्याला २६ वर्षांनी कालबद्ध कर्नल मिळतो. (वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि परिचर्या सेवांचे नियम निराळे; हा हिशेब त्यांना लावू नका.) समजा ११ जून २००५ ला कमिशन मिळाले. सेवेत खंड नाही, बढतीच्या परीक्षा वेळेत पास. मग कॅप्टन ११ जून २००७, मेजर ११ जून २०११, लेफ्टनंट कर्नल ११ जून २०१८. नोंदीतली तारीख याच्याशी जुळत नसेल तर फरक किती दिवसांचा आहे ते मोजा. तो आकडाच बहुधा कारण सांगतो. फरक बिनपगारी रजेच्या किंवा विनापरवाना गैरहजेरीच्या दिवसांइतका असेल तर ती चूक नाही, वजावट आहे. मेजरसाठीची पार्ट बी किंवा लेफ्टनंट कर्नलसाठीची पार्ट डी परीक्षा उशिरा सुटली असेल तर तारीख त्यामुळे पुढे गेलेली असते. फरक नेमका सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असेल तर कमिशनच्या वेळी मिळालेली मागील ज्येष्ठता, म्हणजे ज्याला सगळे अँटी-डेट म्हणतात, ती धरायची राहिली का ते बघा.

आणि फरक विचित्र असेल, पाच महिन्यांना काही दिवस कमी असा, तर दिवस-महिन्याची अदलाबदल तपासा. ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात सोपी चूक. ११/०६/२०१८ चे ०६/११/२०१८ झाले की ११ जूनचा ६ नोव्हेंबर होतो. त्याने किती बिघडते बघा. लेफ्टनंट कर्नलचे वेतन लेव्हल १२ए या वेतनस्तरात १,२१,२०० रुपयांपासून सुरू होते. सातव्या वेतन आयोगाच्या नियमांनुसार २ जानेवारी ते १ जुलै या काळात बढती झाली तर पुढची वेतनवाढ १ जानेवारीला. २ जुलै ते १ जानेवारी या काळात झाली तर १ जुलैला. म्हणजे खऱ्या तारखेप्रमाणे १ जानेवारी २०१९ ला वेतन १,२४,८०० व्हायला हवे होते; चुकीच्या तारखेमुळे ते १ जुलै २०१९ पर्यंत १,२१,२०० वरच थांबले. जून ते नोव्हेंबरचा मेजर-लेफ्टनंट कर्नलचा फरक बुडाला तो बुडालाच, शिवाय दर वर्षी जानेवारी ते जून एक वेतनवाढ मागे. त्यावरचा महागाई भत्ता आणखी वेगळा. पुढे निवृत्तिवेतनही शेवटच्या वेतनावरच ठरणार.

म्हणून आपल्या अर्जात महिना नेहमी अक्षरी लिहा. '११ जून २०१८' कोणी उलटे वाचू शकत नाही.

आता कागद. चुकीची तारीख कुठे शिरली ते शोधल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही. भूदलाच्या अधिकाऱ्याच्या बढतीचा माग साधारण असा जातो: मंजुरीचे पत्र, मग युनिटने काढलेला पार्ट टू ऑर्डर (अधिकाऱ्याच्या सेवेतल्या बदलांची अधिकृत नोंद), त्यावरून पुण्याच्या पीसीडीए (संरक्षण लेखा खाते) ऑफिसर्स कार्यालयातले वेतनखाते म्हणजे आयआरएलए, आणि दिल्लीत ॲडज्युटंट जनरल शाखेतली सेवानोंद. राजपत्र यांना समांतर. निवृत्तीनंतर यातूनच प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन्सकडे माहिती जाते आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, निघतो. पाण्याच्या नळासारखे आहे हे. गढूळ पाणी वरच्या टाकीत असेल तर खालची तोटी बदलून उपयोग नाही. पीपीओत चूक दिसली म्हणून थेट प्रयागराजला पत्रे पाठवणारे वर्षभर वाट बघतात आणि शेवटी 'आपल्या रेकॉर्ड कार्यालयामार्फत पाठवा' असे उत्तर येते. प्रयागराज आपल्याकडे आलेली तारीख छापते, ठरवत नाही.

मुंबईत राहणाऱ्यांनी आणखी एक गोंधळ टाळावा. मानखुर्दला नौदलाचे ब्यूरो ऑफ सेलर्स आहे, पण तिथे नौसैनिकांच्या नोंदी असतात. नौदल अधिकाऱ्याची सेवानोंद दिल्लीच्या नौदल मुख्यालयात असते. त्याचे वेतनखाते मात्र मुंबईतच, नेव्हल पे ऑफिसमध्ये, आणि पेन्शन मंजूर होते ती कूपरेज रोडवरच्या पीसीडीए नेव्हीकडून. म्हणजे नौदलवाल्याला पगाराचा आणि पेन्शनचा धागा शहरातच पकडता येतो. भूदलवाल्याला पुण्याच्या गोळीबार मैदानापर्यंत जावे लागते, पण सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखे ते काम आहे. हवाई दलाचे अधिकारी असाल तर हिशेब आणि पेन्शन दोन्ही दिल्लीत सुब्रतो पार्कला, तिथे पत्राशिवाय इलाज नाही. नौदलात पार्ट टू ऑर्डरच्या जागी जेनफॉर्म, हवाई दलात पीओआर, काम तेच.

राजपत्र शोधताना वेळ जातो, तो जाऊ द्या, कारण तो सगळ्यात भक्कम पुरावा आहे. संरक्षण मंत्रालयाच्या नेमणुका-बढत्यांच्या अधिसूचना भारताच्या राजपत्रात भाग १, विभाग ४ मध्ये येतात. हे साप्ताहिक राजपत्र शनिवारी निघते आणि ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. बढतीच्या तारखेच्या आठवड्यात शोधू नका. अधिसूचना पुष्कळ महिन्यांनी छापली जाते. जुने अंक नुसती छायाचित्रे असल्यामुळे नाव टाकून शोध लागत नाही, पाने चाळावी लागतात. आडनावाच्या स्पेलिंगपेक्षा आयसी क्रमांकावर, म्हणजे अधिकाऱ्याच्या वैयक्तिक क्रमांकावर, नजर ठेवा. सापडल्यावर अंकाची तारीख आणि ओळीत दिलेली 'या दिनांकापासून' ही तारीख यात घोटाळा करू नका. राजपत्रातच चूक असेल तर मामला वेगळा. तिथे शुद्धिपत्रच निघावे लागते, युनिटच्या हातात काही नसते.

सेवेत असाल तर वाट छोटी आहे. युनिटच्या कार्यालयात जाऊन मूळ पार्ट टू ऑर्डर काढून घ्या: क्रमांक, तारीख, नोंदीचे शब्द. चुकीच्या ऑर्डरवर खाडाखोड चालत नाही. आधीची नोंद रद्द करणारी एक नोंद आणि योग्य तारखेची नवी नोंद, अशा दोन्ही काढाव्या लागतात. घाईत हेड क्लार्क फक्त नवी नोंद काढतो. मग वेतनखात्यात एकाच हुद्द्याच्या दोन बढत्या उभ्या राहतात आणि पुण्याहून ती नोंद नामंजूर होऊन परत येते. म्हणून सही होण्याआधी मसुदा स्वतः वाचा. रद्द करायच्या ऑर्डरचा क्रमांक वर्षासकट बरोबर आहे ना, मंजुरीपत्राचा संदर्भ दिला आहे ना, एवढे दोन मुद्दे पाहिले तरी अर्धी डोकेदुखी वाचते. पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या वेतनपत्रकांत ती ऑर्डर स्वीकारली की नाकारली ते दिसते. नाकारली असेल तर कारण लेखी घ्या, तोंडी 'होऊन जाईल' वर जाऊ नका.

निवृत्त झाल्यावर जुने युनिट नवी ऑर्डर काढू शकत नाही. अर्ज ॲडज्युटंट जनरल शाखेच्या निवृत्त अधिकाऱ्यांचे काम बघणाऱ्या एमपी-५ आणि ६ विभागाकडे करायचा. अधिकारी हयात नसेल तर पत्नी किंवा वारस करू शकतात. मृत्यूचा दाखला आणि पीपीओची प्रत जोडावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज पुढे पाठवते, पाठपुराव्यालाही मदत करते, पण तारीख बदलण्याचा अधिकार त्यांना नाही. तिथल्या माणसावर चिडू नये.

अर्ज एका पानाचा असावा. वर वैयक्तिक क्रमांक, हुद्दा, नाव, शाखा किंवा रेजिमेंट, कमिशनची तारीख, पीपीओ क्रमांक. मग गाभा एवढाच:

'लेफ्टनंट कर्नल हुद्द्यावरील माझ्या बढतीची तारीख सेवानोंदीत ६ नोव्हेंबर २०१८ अशी आहे. मंजुरीपत्र आणि राजपत्रातील अधिसूचना यांनुसार ती ११ जून २०१८ आहे. दिवस व महिना यांची अदलाबदल होऊन पार्ट टू ऑर्डरमध्ये ही चूक झाली. सदर ऑर्डर रद्द करून योग्य तारीख नोंदवावी, त्यानुसार वेतन पुन्हा निश्चित करावे आणि दुरुस्त माहिती वेतन व निवृत्तिवेतन कार्यालयांना कळवावी, ही विनंती.'

शेवटचे वाक्य गाळू नका. ते नसेल तर रेकॉर्डमध्ये तारीख बदलते आणि पैसे जुन्याच हिशेबाने येत राहतात. सेवेवर झालेल्या अन्यायाची कहाणी, पदकांची यादी, वरिष्ठांच्या ओळखी यातले काही घालू नये. कारकुनाला दोन तारखा आणि दोन पुरावे हवे असतात. पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा स्पीड पोस्टने पोहोच-पावतीसह टाका आणि ट्रॅकिंगचे पान छापून ठेवा. मुदतीचे सगळे गणित पुढे त्या पानावर चालते.

मूळ कागदच हाताशी नसतील तर माहिती अधिकार वापरा. ऑनलाइन अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, छायाप्रतीला पानामागे २ रुपये. 'माझी तारीख का चुकली' असे विचारू नका, 'का' ला उत्तर मिळत नाही. 'अमुक बढतीचे मंजुरीपत्र, पार्ट टू ऑर्डर आणि त्यावरील टिपणी यांच्या प्रती द्या' असे मागा. फाइल पाहण्याची परवानगीही मागता येते. पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील.

इथपर्यंत झाली ती कारकुनी दुरुस्ती. पण निवड मंडळाने नाकारले, वैद्यकीय श्रेणीमुळे किंवा शिस्तभंगाच्या चौकशीमुळे बढती अडवली आणि म्हणून तारीख पुढे गेली, असे असेल तर ती चूक नव्हे, निर्णय आहे. तिथे दुरुस्तीचा अर्ज करून वेळ घालवू नका. सेवेतल्या अधिकाऱ्याला आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २७ खाली केंद्र सरकारकडे वैधानिक तक्रार करता येते. नौदलासाठी नेव्ही ॲक्ट १९५७ चे कलम २३, हवाई दलासाठी एअर फोर्स ॲक्ट १९५० चे कलम २७. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याच्या मुंबई खंडपीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा येतात, आणि निवृत्त माणूस आपण राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो. मुदत अंतिम आदेशापासून सहा महिने. अर्जाला उत्तरच आले नाही तर आधी सहा महिने थांबायचे आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत दाखल करायचे.

इथे उशीर फार महाग पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात म्हटले की चुकीचे वेतन-पेन्शन ही दर महिन्याला नव्याने होणारी हानी आहे, म्हणून उशिरा आलात तरी दाद मिळू शकते, पण थकबाकी साधारण तीन वर्षांचीच. ज्येष्ठता आणि बढती यांनी इतरांच्या जागा हलत असतील तर मात्र जुना दावा शिळा ठरतो. दर वर्षी स्मरणपत्र धाडत राहिल्याने मुदत वाढत नाही, हेही त्याच वर्षी सी. जेकब प्रकरणात स्पष्ट झाले. तेव्हा मागणी कशी मांडता याला महत्त्व आहे: फक्त वेतन आणि पेन्शन सुधारून हवे, की ज्येष्ठता यादीत वर जायचे आहे? दुसरे हवे असेल तर ज्यांच्यावर परिणाम होणार त्या अधिकाऱ्यांना प्रतिवादी करावे लागते, नाहीतर प्रकरण तिथेच लटकते.

चूक तुमच्या फायद्याची असेल तर? गप्प बसण्याचा मोह होतो. पण जास्त गेलेले पैसे निवृत्तीच्या वेळच्या तपासणीत सापडतात आणि एकदम कापले जातात. २०१४ च्या रफीक मसीह निकालाने निवृत्तांकडून वसुलीला बराच आळा घातला आहे हे खरे, मात्र 'जादा दिले गेल्यास परत करीन' असे हमीपत्र आधी लिहून दिले असेल तर त्या निकालाचा आधार लटका पडतो. वेतनश्रेणी बदलताना आपण कशावर सही केली होती ते एकदा आठवून बघा.

दुरुस्ती झाल्याचे पत्र आले की तीन कागद शेजारी ठेवून तारीख जुळवा: सेवानोंदीचा उतारा, सुधारित वेतननिश्चितीचा तक्ता आणि नवा किंवा शुद्धिपत्र-पीपीओ. स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या संकेतस्थळावर, आपली प्रोफाइल उघडून हुद्दा आणि तारीख तिथेही बदलली का बघा. पीपीओ बदलून स्पर्शवर जुनेच दिसत असेल तर तिथूनच तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक टिपून ठेवा. थकबाकी एकरकमी आली की त्या वर्षाचा आयकर फुगतो. ती रक्कम ज्या त्या वर्षात विभागून करात दिलासा मिळतो, पण त्यासाठीचा ऑनलाइन फॉर्म विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो. तो भरण्यासाठी कोणत्या वर्षाचे किती पैसे, याचा तक्ता वेतन कार्यालयाकडून त्याच वेळी मागून घ्या.