‘गुऱ्हाळ’ची नोंद एजंटला सापडेना, त्यावरचा उपाय

कोल्हापूरच्या गुळाच्या नोंदी मार्कडाउन (साध्या मजकुराच्या) फाइलींत आहेत. ‘गुऱ्हाळ’ नावाची फाइल समोर असूनही एजंटचं (सांगितलेली कामं टूल वापरून करणाऱ्या एआय प्रोग्रॅमचं) डिलीट टूल ‘सापडली नाही’ म्हणायचं. घोळ ‘ऱ्हा’ या जोडाक्षरात होता. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत) दोन रीतींनी लिहितात: नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त (पाय मोडणारं चिन्ह), किंवा साधा ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं, जोडणारं चिन्ह). दिसायला एकच, बाइट वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं ठरावीक रूपात आणण्याच्या युनिकोडच्या रीतीने) सुटा नुक्ता जुळतो, जॉइनरवालं रूप जुळत नाही. म्हणून तुलनेआधी दोन्ही नावांत जॉइनरच्या रूपाऐवजी ‘ऱ्’ घाला, मग एनएफसी लावा. नुसता जॉइनर काढू नका, रफार होऊन शब्दच बदलतो. हटवताना मात्र डिस्कवरचं मूळ नावच वापरा.

मिळत्याजुळत्या नावाला टूलने हात लावता कामा नये. एकच फाइल जुळली तरच पुढे. दोन जुळल्या तर थांबून माणसाला विचारायचं. पाथ आधी रिअलपाथने (फाइलचा खरा पत्ता शोधणाऱ्या फंक्शनने) सोडवा आणि तो नोंदींच्या फोल्डरच्या आतच आहे ना ते बघा, नाहीतर सिमलिंकवरून (दुसऱ्या जागेकडे नेणाऱ्या दुव्यावरून) बाहेरची फाइल जाते. अनलिंक (फाइल थेट पुसणं) तर नकोच. लपलेल्या ट्रॅश फोल्डरात, नावाला तारीख-वेळ जोडून हलवा. कारण लिनक्सवर रिनेम (नाव बदलून फाइल हलवणं) त्याच नावाची जुनी प्रत न विचारता पुसतं.