रविवारचं मटण आणि शुक्रवारपासूनची तयारी

आमच्या घरी रविवारी दुपारी एकला सगळे एकदम जेवायला बसतात. सगळे म्हणजे जिनं रांधलं तीसुद्धा. ही तयारीची यादी तेवढ्या एका गोष्टीसाठी आहे. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा कसा करायचा हे कोल्हापुरात कुणाला शिकवायला नको. पण तो करून घरच्या बाईनं गरमगरम खायचा असेल तर कामाला शुक्रवारीच हात घालावा लागतो, हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी उमगलं.

माझ्या आईला रविवारी चारच्या आत जेवलेलं मी कधी बघितलं नाही. आधी पुरुष, मग पोरं, मग उशिरा आलेले पाव्हणे. ती बसायची तेव्हा पातेल्यात एखादी नळी आणि तळाला बसलेलं वाटण एवढंच राहिलेलं असायचं. पातेलंच मांडीजवळ ओढून घ्यायची आणि भाकरीच्या तुकड्यानं ते पुसून खायची. “तळाचंच चवीला लागतं,” म्हणायची. लहानपणी मला ते खरं वाटायचं.

तर शुक्रवार. सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. रविवारी एकादशी, संकष्टी, अमावास्या यातलं काही येतंय का? दिव्याची अवस झाली की श्रावणभर बेतच नसतो, काही घरांत तर गणपती जाईपर्यंत नसतो. नवरात्रात पुन्हा नऊ दिवस. पाव्हणे येणार असतील तर त्यांना आधी फोन करून विचारायचं, कारण खंडोबा कुलदैवत असलेल्या बऱ्याच घरी रविवारच पाळतात; त्यांचं मटण बुधवारी नाहीतर शुक्रवारी. ताटावर बसल्यावर “आमचा वार आहे” असं कळलं तर पाव्हण्यालाही अवघड आणि आपल्यालाही.

वाराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० ला. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले. रविवार खंडोबाचा वार, हेही त्या मागणीतलं एक कारण होतं. सहा दिवस राबणाऱ्या माणसाला एक दिवस अंग टेकता यावं म्हणून एवढं झगडून मिळवलेला हा वार. तो घरातल्या एकाच माणसाला आठवड्यातला सगळ्यात कष्टाचा जावा, हे मला पटत नाही.

मग डोकी मोजायची. रस्सा भरपूर करायचा असेल तर पाच माणसांना एक किलो मटण पुरतं, आठांना दीड किलो. ऐनवेळी दोघं वाढले तर रस्सा वाढवता येतो, तुकडे वाढवता येत नाहीत. म्हणून मी अंदाज पाव किलोनं वरच धरते. त्याच्या वर मात्र जायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी महादेवाचा सोमवार. आमच्याकडं तो पाळतात, म्हणजे रविवारी रात्रीच पातेलं रिकामं झालं पाहिजे.

शुक्रवारीच गॅसची टाकी बघून ठेवायची. ओल्या फडक्यानं टाकी वरपासून खालपर्यंत पुसायची आणि मिनिटभर थांबायचं. वरचा भाग लवकर वाळतो आणि आत गॅस जिथपर्यंत आहे तिथपर्यंतचा पत्रा थंड असल्यानं ओलाच राहतो. तो पट्टा बुडाला चार बोटांचाच उरला असेल तर दुसरी टाकी दारात असल्याशिवाय दीड किलो मटण चढवायचं नाही. एका रविवारी तांबड्याचं वाटण परतताना माझा गॅस संपला. शेजारच्या वहिनींच्या घरी अख्खी कढई उचलून नेली. मधल्या वेळात वाटण गार झालं, तेल आत मुरलं आणि शेवटपर्यंत रश्श्यावर तेलाचा कट आला नाही.

ज्वारी शुक्रवारी संध्याकाळी नाहीतर शनिवारी सकाळी दळून आणायची, तीही रविवार-सोमवारपुरतीच. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना मोडते. आयत्या वेळी पिठाशी झुंजण्यात जो अर्धा तास जातो तो नेमका जेवणाआधीचा असतो.

शनिवारचं काम संध्याकाळचं, आणि ते एकटीनं करायचं नाही. पंधरा-वीस मोठ्या पाकळ्या लसूण सोलणं हे धाकट्याचं काम. टीव्हीसमोर बसून सोलला तरी माझी तक्रार नाही. थोरली आलं खरवडते, कोथिंबीर निवडते. आलं, लसूण, कोथिंबीर पाणी न घालता वाटून डब्यात भरायची. तांबड्याच्या वाटणाला दोन मोठे कांदे थेट जाळावर साल काळी पडेपर्यंत भाजायचे, अर्धी वाटी सुकं खोबरं, दोन चमचे तीळ आणि एक चमचा खसखस वेगवेगळी कोरडी भाजायची. एकत्र भाजली तर खोबरं लाल होईपर्यंत खसखस जळून जाते. हे वाटण गार करून फ्रीजमध्ये ठेवलं की रात्रभर चांगलं राहतं. शनिवार मारुतीचा असला तरी यात मटण नाही, त्यामुळे सासूबाईंचीही हरकत नसते.

पांढऱ्याचं सामान वेगळं: एक नारळ, दहा-बारा काजू, चमचा चमचा खसखस आणि पांढरे तीळ, खडा मसाला. शनिवारी नारळ फोडून खवून झाकून फ्रीजमध्ये ठेवते. दूध मात्र काढत नाही, ते रविवारीच. बाहेर राहिलेलं खोबरं उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबतं. काजू, खसखस आणि तीळ झोपण्याआधी भिजत घालायचे, कारण न भिजलेली खसखस मिक्सरमध्ये कितीही फिरवली तरी रश्श्यात कचकच लागते.

कांदा-लसूण चटणीचा डबा उघडून बघायचा. ही चटणी उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवलेली असते, रंगाला ब्याडगी मिरची आणि तिखटाला संकेश्वरी. डब्यात ओला चमचा गेला असेल तर वर बुरशीचा पांढुरका थर धरतो, आणि ते रविवारी सकाळी कळून उपयोग नसतो.

आता रविवार. दिवस उजाडला की पहिलं जेवण तयार होतं ते सासूबाईंचं. त्या माळकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांचा तवा, त्यांची पळी, त्यांचं पितळी पातेलं सगळं वेगळ्या फळीवर. मटण घरात यायच्या आधी त्यांचा आख्खा मसूर शिजून झाकलेला असतो. मसूर पहाटे उठल्याबरोबर गरम पाण्यात भिजत घालते. तासभर भिजला तरी चांगला शिजतो. कांदा, आलं-लसूण, तीच घरची चटणी, वर कोथिंबीर. मी तो उरलंसुरलं म्हणून करत नाही. घरात सात जण मटण खाणार आणि एक जण वरण-भात, असं झालं तर त्या माणसाला रविवार कसा वाटेल? मसूर इतका चांगला व्हायला हवा की मटण खाणाऱ्यांनीही वाटीभर मागावा, आणि ते मागतातच.

मटण आणायला घरचे, म्हणजे माझे यजमान, साडेसहाला निघतात. आठनंतर दुकानापुढं रांग लागते आणि मग जे मिळेल ते घ्यावं लागतं. चिठ्ठीवर मी लिहून देते: कोवळं बोकड, मांडी आणि चाप मिसळून, थोडा सीना, चार नळ्या, तुकडे मध्यम, चरबी सगळी काढू नका. नुसतं बिनहाडाचं आणलं तर रश्श्याला गोडी येत नाही, सगळी चव हाडातच असते. कलेजी वेगळ्या पिशवीत सांगायची. ती मटणाबरोबर शिजवली की चिवट होते, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत सुक्क्यात टाकायची.

मटण आलं की लगेच धुऊन, निथळून, त्याला आलं-लसणाचं वाटण आणि मीठ लावायचं. हळद अगदी चिमूटभर. मटण शिजलेल्या पाण्यातूनच पांढरा काढायचा असतो, हळद सढळ पडली की पांढरा पिवळा होतो. अर्धा तास मुरलं की जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कांदा परतून मटण टाकायचं, त्याचं स्वतःचं पाणी आटेपर्यंत हलवत राहायचं आणि वर ताट ठेवून ताटात पाणी ओतायचं. ताटातलं पाणी तापलं की तेच आत घालायचं आणि ताटात नवं ओतायचं. शिजत्या मटणात गार पाणी पडलं की ते आखडतं, असं माझी आई सांगायची. मी आजवर घातलेलं नाही. कोवळं मटण असं सव्वा ते दीड तासात शिजतं. घाई असेल तर कुकरच्या चार-पाच शिट्ट्या. मी पातेल्यातच करते, कारण तो दीड तास मला कट्ट्यापाशी उभं राहावं लागत नाही. त्या वेळात मी आंघोळ करते, पेपर वाचते.

अकराच्या सुमारास अळणी, म्हणजे मटण शिजलेलं बिनतिखट पाणी, तयार होतं. पोरांना आणि कुणी आजारातून उठलेलं असेल तर त्यांना वाटीवाटी द्यायचं, त्यात मिठाचा अंदाजही कळतो. मग पाणी दोन पातेल्यांत वाटायचं आणि तुकडे सुक्क्याला काढायचे. तांबड्याचं वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचं, पंधरा-वीस मिनिटं लागतात. चटणी त्यातच, पण जाळ कमी करून. मोठ्या जाळावर चटणी करपते आणि कडवट वास रश्श्यातून जात नाही. पांढरा सगळ्यात शेवटी, साडेबाराला. गरम अळणी पाण्यात काजूचं वाटण, मग बारीक आचेवर नारळाचं दूध, पळी एकसारखी फिरवत. कडेला बुडबुडे दिसले की उतरवायचा. उकळी फुटली की दूध फाटतं आणि त्याला उपाय नाही. गार झाला तर थेट जाळावर न ठेवता गरम पाण्याच्या परातीत पातेलं ठेवायचं.

एवढं सगळं वेळेत झालं तरी एक जागा अशी आहे जिथं घरची बाई अडकते, आणि ती म्हणजे भाकरी. सगळ्यांना तव्यावरची गरम भाकरी पानात हवी. म्हणजे कुणीतरी तव्यापाशी उभं राहणार, आणि ते कुणीतरी कोण हे ठरलेलंच. आमच्या घरी यावर दोन-तीन रविवार वाद झाला. शेवटी मी म्हटलं, भाकरी कोमट झाली तरी चालेल, माणूस उभं नको. आता बारा ते पाऊण या वेळात दोन तव्यांवर भाकऱ्या होतात. मी थापते, थोरला पुतण्या भाजतो. पीठ उकळीच्या पाण्यानं मळायचं, म्हणजे भाकरी तासाभरानंही मऊ राहते. बुट्टीत, म्हणजे टोपलीत, धुतलेलं सुती फडकं घालायचं, भाकऱ्या एकावर एक रचायच्या, पण पहिली वाफ जाऊ द्यायची. लगेच झाकल्या तर खालच्या ओल्या होतात. पुतण्याच्या पहिल्या दिवसाच्या भाकऱ्या एका बाजूला करपल्या होत्या. तिसऱ्या रविवारी त्यानं एक टम्म फुगवली आणि उलथन्यावर धरून सोप्यापर्यंत, म्हणजे बाहेरच्या खोलीपर्यंत, सगळ्यांना दाखवून आणली.

पाऊणला दही-कांदा, लिंबाच्या फोडी, पाण्याचे तांबे, हे मुलींनी आणि मुलांनी मिळून मांडायचं. भात झाकलेला. रश्श्याची दोन्ही पातेली, सुक्कं, बुट्टी सगळं पानांच्या मध्ये आणून ठेवायचं, म्हणजे “अगं जरा रस्सा आण” म्हणायला जागाच राहत नाही. ज्याला हवं त्यानं हात लांब करून घ्यायचं आणि शेजारच्याला वाढायचं. गॅस बंद करून मीही बसते. सासूबाई सोप्यात बसतात, आम्ही आत, मधलं दार उघडं असतं आणि त्या तिथूनच विचारतात, “पांढरा फाटला नाही ना गं?”

भांडी दुपारी घासायची नाहीत. खरकटी पातेली पाणी घालून ठेवायची आणि तासभर पडायचं. उरलेला रस्सा आणि सुक्कं मात्र पडायच्या आधी गार करून फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, दोन तासांहून जास्त बाहेर नको. रात्री तांबडा नीट उकळून भाताबरोबर संपवायचा. भांडी कोण घासणार याची पाळी फ्रीजवर लावलेली आहे, तिच्यात घरच्यांचंही नाव आहे.

मिक्सरचं भांडं पुसताना काय काय संपलं ते पाळीच्या त्याच कागदाच्या खाली लिहून ठेवते. या रविवारचं लिहिलंय: खसखस, सुकं खोबरं, लायटर. आणि चटणीचा डबा तळाला लागलाय, मे महिन्यापर्यंत पुरायचा नाही. जावेला सांगून ठेवलंय, तिच्याकडची अर्धा किलो घेऊन ये म्हणून.