क्लॅम्पवर सुरीला धार लावताय? बर आल्याशिवाय दगड बदलू नका

सुरी क्लॅम्पमध्ये पकडायची आणि दांडीला लावलेला दगड ठरलेल्या कोनात पात्यावरून फिरवायचा. कोन हाताने सांभाळावा लागत नाही, म्हणून नवख्यांसाठी हे साधन फार चांगलं. तरीही तासभर घासून सुरी टोमॅटोवरून घसरते, आणि बोल लागतो दगडाला. खरं तर बहुतेक वेळा भरड दगडाचं काम अर्धवट टाकून बारीक दगड हातात घेतलेला असतो.

माझंही पहिल्या सुरीच्या वेळी हेच झालं. ४००, ६००, १००० (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) असे दगड ओळीने फिरवले, पातं आरशासारखं चमकलं. पण ती चकाकी धारेच्या वरच्या उतारावर होती. खुद्द धारेला दगड लागलाच नव्हता.

दगड धारेपर्यंत पोचला की पोलादाची अगदी बारीक कड पलीकडे दुमडते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळते. घासलेल्या बाजूच्या उलट बाजूला, पात्याच्या पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच सरकवत बाहेर न्या. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नका. कड खरखरीत लागली की बर आली. पण ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मधेच दोन सेंटिमीटर गुळगुळीत लागले, तर तेवढ्याच भागावर आणखी घासा. मग बाजू पालटून तिकडूनही बर काढा. तोवर भरड दगड सोडू नका.

बर येतच नसेल तर कोन तपासा. घरातल्या साध्या स्टीलच्या सुरीला दर बाजूला २० अंश ठीक, पातळ जपानी पात्याला १५. पण तुमच्या सुरीला आधी कुठला कोन होता, हे आकड्यावरून कळत नाही. धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवा आणि दगडाचे दोन-तीन हलके हात मारा. शाई फक्त पाठीकडून पुसली गेली तर कोन लहान पडतोय, फक्त धारेशी गेली तर मोठा. दगड बदलल्यावरही हे बघावं, कारण दगडांची जाडी सारखी नसते. दांडीच्या सांध्यापासून धार १५० मिलिमीटरवर असेल, तर १ मिलिमीटरच्या फरकाने कोन जवळपास ०.४ अंशांनी हलतो.

टोकाकडे मार्कर वेगळाच पुसला जातो का तेही बघा. क्लॅम्प टोकाच्या फार जवळ असेल तर तिथे कोन मोठा होतो, फार लांब असेल तर लहान होऊन उतार रुंद पडतो. क्लॅम्प थोडा सरकवून पुन्हा शाई लावा. आणि दगड टोकावरून पूर्ण बाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर अणी गोल होते.

जोर लावू नका. डायमंडच्या दगडाला तर दांडीचं वजन आणि बोटाचा आधार पुरतो. दाबलं की त्यावरचे कण उखडतात.

शेवटच्या दगडावर एकेका हाताला बाजू पालटत, अगदी हलके हात मारा, म्हणजे बर झिजत जाते. ती तशीच राहिली तर सुरी पहिल्या दिवशी कागद कापते आणि चार दिवसांत बोथट होते. मग चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा ओढा.

काम झाल्यावर एका वहीत लिहून ठेवा: कुठली सुरी, मुठीपासून क्लॅम्प किती अंतरावर, कोन किती. पुढच्या वेळी सुरी त्याच जागी पकडली की भरड दगड काढावाच लागत नाही, बारीक दगडाची पाच मिनिटं पुरतात.